बेटचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वेळ जातो, पैसा जातो, आणि शेवटी हाती धुपाटणे येते. हे खरेच आहे. पण ज्याला दुसरे कुठलेच दार उघडे नाही, त्याने काय करावे?

अशीच एक बाई सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत कोर्टाची पायरी चढली. तिला लिहितावाचता येत नव्हते. तिच्या गाठीला पैसा नव्हता. एवढेच काय, ती स्वतःच दुसऱ्याच्या मालकीची होती. तिचे नाव बेट. तिचे वकीलपत्र ज्याने घेतले, त्याचे नाव थिओडोर सेजविक. हा सेजविक पुढे मोठा पुढारी झाला, मोठ्या खुर्च्यांवर बसला. पण आज त्याचे नाव निघते ते बहुतेक या एका खटल्यामुळेच. त्याची ही हकीकत आहे.

सेजविक १७४६ साली कनेक्टिकट नावाच्या प्रांतात जन्मला. त्या वेळी अमेरिका स्वतंत्र नव्हती. पूर्वेच्या समुद्रकाठाला तेरा वसाहती होत्या आणि त्यांच्यावर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. थिओडोर लहान असतानाच त्याचा बाप वारला. घरात बरीच भावंडे. थोरल्या भावाने शेती केली, खाणावळ चालवली आणि धाकट्याला शिकायला पाठवले. असे थोरले भाऊ आपल्याही घरोघर असतात. ते मागे राहतात म्हणून धाकटे पुढे जातात.

थिओडोर येल येथील कॉलेजात गेला. पण तिथे त्याने काहीतरी आगळीक केली आणि पदवी न घेताच त्याला बाहेर पडावे लागले. पुढे काय करावे? आधी वाटले, पाद्री व्हावे. मग तो विचार सोडून तो कायदा शिकू लागला. त्या काळी वकिलीची निराळी शाळा अमेरिकेत नव्हती. एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली बसायचे, त्याची पुस्तके वाचायची, त्याचे कागद उतरून काढायचे. सुताराचा पोरगा सुतारकाम शिकतो, तसेच ते शिक्षण असे. विशीतच, १७६६ साली, सेजविकला सनद मिळाली. मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या पश्चिमेला डोंगराळ मुलखात बर्कशायर नावाचा जिल्हा आहे. तिथे ग्रेट बॅरिंग्टन या गावी त्याने वकिली सुरू केली. मग जवळच्या शेफील्ड गावी तो राहायला गेला.

या शेफील्डमधला सर्वांत मोठा माणूस म्हणजे जॉन अ‍ॅश्ले. त्याला सगळे कर्नल म्हणत. शेकडो एकर जमीन, गिरण्या, दुकान, पैसा, मान, काही कमी नव्हते. जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात तो अनेक वर्षे न्यायाधीशही होता. त्याचे दुमजली लाकडी घर १७३५ साली बांधलेले. ते आजही उभे आहे आणि लोक ते पाहायला जातात.

जानेवारी १७७३ मध्ये या घराच्या माडीवर गावातली अकरा मंडळी जमली. इंग्लंडचा राजा आणि तिथली पार्लमेंट आपल्यावर मनाला येतील ते कर बसवते, आपले हक्क तुडवते, याविरुद्ध गावाने ठराव करायचा होता. तरुण सेजविक त्या मंडळीत होता. ठरावाची भाषा त्याचीच, असे मानतात. त्या ठरावाच्या आरंभीच म्हटले होते, की माणसे मुळात सारखी आहेत, स्वतंत्र आहेत, आणि आपले जीवित, आपले स्वातंत्र्य व आपली मालमत्ता निर्वेधपणे भोगण्याचा त्यांना हक्क आहे.

मोठे चांगले शब्द होते. पण ज्या घरात ते लिहिले गेले, त्याच घरात खाली स्वयंपाकघरात कोण राबत होते? अ‍ॅश्लेचे गुलाम. त्यांतली एक बेट.

गुलाम म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. गुलाम म्हणजे नोकर नव्हे. नोकराला पगार असतो. नोकर आज इथे आहे, उद्या नाही पटले तर दुसरीकडे जातो. गुलामाला ती सोय नाही. तो विकत घेतलेला असतो. त्याची मुले जन्मतःच मालकाची. मालक मेला तर घोडा, नांगर, भांडीकुंडी यांच्याबरोबर गुलामांचीही वाटणी होते. आफ्रिकेतून काळ्या माणसांना जहाजात कोंबून अमेरिकेत आणत आणि विकत. दक्षिणेकडे तंबाखूच्या आणि भाताच्या मोठमोठ्या मळ्यांवर गुलामांचे तांडेच्या तांडे राबत. उत्तरेकडे मॅसॅच्युसेट्समध्ये तसे मळे नव्हते. तिथे एकेका सुखवस्तू घरात एखाददुसरा गुलाम असे. म्हणून ती गुलामगिरी सौम्य होती, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सौम्य होती की नव्हती, ते बेटच्या हातावर लिहिलेले होते.

बेट न्यूयॉर्क प्रांतात हडसन नदीजवळ १७४४ च्या सुमारास जन्मली. होगबूम नावाच्या एका डच घराण्यात तिचे आईबाप गुलाम होते. त्या घरची मुलगी हॅना लग्न होऊन अ‍ॅश्लेकडे आली. या हॅनाच्याच माहेराहून बेट अ‍ॅश्लेच्या घरी आली.

कर्नल स्वभावाने बरा, असे म्हणत. बाईसाहेब मात्र कडक. एकदा काय झाले, घरात भाकरी भाजायचे काम चालले होते. बेटच्या धाकट्या बहिणीने उरल्यासुरल्या पिठाची एक छोटीशी पोळी स्वतःसाठी भाजली. (काहीजण म्हणतात, ती बहीण नव्हे, बेटची मुलगी होती.) बाईसाहेबांनी ते पाहिले आणि चोरी म्हणून आरडाओरडा केला. भट्टी साफ करायचे लोखंडी फावडे तापून लाल झाले होते. तेच त्यांनी पोरीवर उगारले. बेट मध्ये पडली. घाव तिच्या हातावर बसला आणि हाडापर्यंत गेला. त्या घावाचा व्रण पुढे जन्मभर राहिला.

बेटने त्या जखमेवर कधी बाही ओढली नाही. हात उघडाच ठेवला. घरी पाहुणे आले, की ते बाईसाहेबांच्या देखत विचारत, हाताला काय झालं गं? बेट एवढेच म्हणे, बाईसाहेबांनाच विचारा.

ही हकीकत सेजविकच्या मुलीने पुढे लिहून ठेवली. ती आपण शेवटी पाहूच.

इकडे देशात मोठी उलथापालथ चालू होती. १७७५ साली वसाहतींची इंग्लंडशी लढाई जुंपली. १७७६ साली त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सेजविक त्या वर्षी सैन्याबरोबर कॅनडाच्या स्वारीवर गेला. जॉन थॉमस नावाच्या सेनापतीचा तो चिटणीस होता. स्वारी फसली. सेनापती देवीच्या रोगाने तिकडेच वारला. सेजविकच्या घरीही या रोगाने आधीच घाला घातलेला होता. त्याची पहिली बायको १७७१ साली देवीनेच गेली होती. दुसरे लग्न त्याने १७७४ साली पॅमेला ड्वाइट हिच्याशी केले. कॅनडाहून परत आल्यावर सैन्याला धान्य आणि सामान पुरवायचे काम त्याने काही दिवस केले.

लढाई चालू असतानाच मॅसॅच्युसेट्सने आपली राज्यघटना तयार केली. घटना म्हणजे राज्य कसे चालवायचे, याचा मूळ कायदा. बाकीचे सारे कायदे तिच्या पोटातले. तिच्याविरुद्ध जाणारा कायदा टिकत नाही. ही घटना बरीचशी जॉन अ‍ॅडम्सने लिहिली. तोही वकीलच. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. गावोगावच्या सभांत घटना वाचली गेली, तिच्यावर वादविवाद झाले आणि १७८० साली ती लागू झाली. तिच्या पहिल्याच कलमात म्हटले होते, की सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत.

आता हे शब्द बेटच्या कानांवर कसे गेले? कोणी म्हणतात, गावच्या सभागृहात वाचन चालले होते तेव्हा तिने ऐकले. कोणी म्हणतात, साहेबलोक जेवताना बोलत, त्यांना वाढता वाढता तिने ऐकले. वाढणाऱ्या बाईला कान असतात, हे जेवणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. ते काहीही असो. ऐकणारे शेकडो होते. त्यांतल्या एकीनेच त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला. सर्व माणसे म्हणजे सर्व माणसे. मी माणूस आहे. मग मी स्वतंत्र का नाही?

ती चालत सेजविकच्या घरी गेली. तिचे म्हणणे असे होते, की मी काही मुकं जनावर नाही. कागदावर असं असं लिहिलेलं मी ऐकलं. मग कायदा मला माझं स्वातंत्र्य देणार नाही का?

सेजविक त्या वेळी पस्तीस वर्षांचा होता. त्याच्यापुढे सोपा प्रश्न नव्हता. अ‍ॅश्ले गावातला बडा माणूस. वयाने वडील, ओळखीचा, त्याच्या माडीवर बसून आपण ठराव केलेला. त्याच्याविरुद्ध जायचे, तेही एका गुलाम बाईसाठी!

आणखीही एक गोष्ट आहे. ती लपवून ठेवणे बरे नाही. सेजविकनेही एकदा गुलाम विकत घेतला होता. त्या व्यवहाराची १७७७ सालची पावती अजून जपून ठेवलेली आहे. म्हणजे हा वकील धुतल्या तांदळासारखा होता, असे मुळीच नाही. चरित्रे लिहिणारे बहुधा अशा पावत्या झाकून ठेवतात. मला वाटते, ती पावती समोर ठेवली तरच त्याने पुढे काय केले, याची नीट किंमत कळते.

त्याने वकीलपत्र घेतले. का घेतले? काही इतिहासकार म्हणतात, घटनेतले शब्द कोर्टात खरे ठरतात की नाही, याची परीक्षा त्याला पाहायची होती. तसे असेलही. पण परीक्षा पाहायची बुद्धी आधी बेटला झाली, हे विसरता येत नाही.

सेजविकने जोडीला टॅपिंग रीव नावाचा दुसरा वकील घेतला. हा शेजारच्या कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावचा. पुढे त्याने तिथे कायद्याची शाळा काढली आणि ती फार नावाजली. अ‍ॅश्लेच्या घरी ब्रॉम नावाचा एक गुलाम पुरुष होता. त्याचेही नाव दाव्यात घातले. त्या काळी बाईचे हक्क कायद्यात कमी. नुसत्या बाईच्या नावाने दावा लंगडा पडेल, म्हणून ब्रॉमला जोडीला घेतले असावे, असे म्हणतात. दाव्याचे नाव झाले, ‘ब्रॉम आणि बेट विरुद्ध अ‍ॅश्ले’.

दावा कसा लावला, ते पाहण्यासारखे आहे. समजा, तुमची म्हैस कुणी दांडगाईने नेली आणि आपल्या गोठ्यात बांधली. तुम्ही कोर्टात गेलात. कोर्ट त्याला म्हणते, म्हैस आधी सोड, मग ती कोणाची याचा निवाडा करू. इंग्रजी कायद्यात असा हुकूम मिळवायची जुनी रीत होती. बेकायदा अडकवून ठेवलेले सोडवायची ही रीत सेजविकने बेट आणि ब्रॉम यांच्यासाठी वापरली. मे १७८१ मध्ये कोर्टाचा हुकूम निघाला, की या दोघांना सोडा. हुकूम बजावणारा अधिकारी अ‍ॅश्लेच्या दारी गेला. अ‍ॅश्लेने सोडायचे नाकारले. तो म्हणाला, हे माझे जन्माचे चाकर आहेत. माझा यांच्यावर हक्क आहे.

झाले. आता कोर्टालाच ठरवणे भाग पडले, की हा हक्क कायदेशीर आहे की नाही. सेजविकला तेच हवे होते.

याआधी मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामांनी दावे लावले नव्हते, असे नाही. तिथे गुलामाला कोर्टात जाता येत असे. पण ते दावे एकेकट्या माणसापुरते असत. मालकाने मला सोडायचे वचन दिले होते आणि ते मोडले, किंवा माझी आई स्वतंत्र होती, म्हणून मी गुलाम नाही, अशी त्यांची तऱ्हा. असा दावा जिंकला तर तो एक माणूस सुटे. शेजारच्या घरातला गुलाम गुलामच राही. बेटचा दावा निराळा होता. तिला कुणी वचन दिले नव्हते. तिची आई स्वतंत्र नव्हती. तिचे म्हणणे एकच, की कुणालाच गुलाम करता येत नाही.

ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात सुनावणी झाली. निकाल ज्युरीने द्यायचा होता. ज्युरी म्हणजे गावातले पंच. साधे जमीनजुमला असलेले लोक, बहुतेक शेतकरी, सगळे गोरे आणि सगळे पुरुष. आणि कोर्ट कोणते? ज्या कोर्टात अ‍ॅश्लेने स्वतः वर्षानुवर्षे न्याय दिला होता, तेच.

सेजविकने दोन मुद्दे मांडले. पहिला असा. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी चालू आहे खरी, पण ती चालू करणारा कायदा कधी झाला? कुठे आहे तो? काही कायद्यांत गुलामांचा उल्लेख येतो. पण उल्लेख येणे निराळे आणि गुलामगिरीला कायद्याने जन्म देणे निराळे. ते उल्लेख चुकीच्या समजुतीतून आले आहेत. दुसरा मुद्दा असा. घटकाभर धरून चालू, की असा कायदा होता. तरी आता नवी घटना आली. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे ती म्हणते. तिच्याशी न जुळणारा जुना कायदा तिने आपोआप रद्द केला.

दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. कारण त्यात नवे काही नाही. जे शब्द गावकऱ्यांनी स्वतः सभा भरवून मंजूर केले होते, तेच त्याने त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, तुम्ही हे मनापासून म्हणालात की नुसतेच म्हणालात?

पंचांनी निकाल दिला. बेट आणि ब्रॉम हे अ‍ॅश्लेचे कायदेशीर गुलाम नाहीत आणि दावा लावला तेव्हाही नव्हते. अ‍ॅश्लेने त्यांना तीस शिलिंग भरपाई द्यावी आणि दाव्याचा खर्चही भरावा. खर्च झाला होता पाच पौंड, चौदा शिलिंग, चार पेन्स. वीस शिलिंगांचा एक पौंड होतो. म्हणजे भरपाई दीड पौंड. इतक्या वर्षांच्या राबणुकीचे आणि त्या हाताचे मोल दीड पौंड! पण बेट दीड पौंडासाठी कोर्टात गेलीच नव्हती.

नव्या घटनेच्या आधारावर गुलाम सुटण्याचा मॅसॅच्युसेट्समधला हा पहिल्यापहिल्या खटल्यांपैकी एक. त्याच वर्षी वूस्टर गावी क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या बाजूनेही पंचांनी निकाल दिला. त्याचे वकील निराळे होते. अ‍ॅश्लेने आधी वरच्या कोर्टात अपील केले. मग वारे कुठे वाहते ते ओळखले असावे. ऑक्टोबर १७८१ मध्ये त्याने अपील मागे घेतले. क्वॉक वॉकरचे प्रकरण मात्र वरच्या कोर्टापर्यंत गेले. १७८३ साली तिथले मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी पंचांना समजावून सांगताना स्पष्ट म्हटले, की आपल्या घटनेशी गुलामगिरी जुळत नाही.

लगोलग सगळे सुटले, असे मात्र समजू नका. कुठल्याच कायदेमंडळाने ‘आजपासून गुलामगिरी बंद’ असा कायदा केला नाही. पण कोर्टात गेले तर आपण हरणार, हे मालकांना कळून चुकले. कुणी गुलामांना सोडले, कुणी पगार देऊ लागले, कुणी नुसतेच नाव बदलून ‘नोकर’ म्हणू लागले. १७९० साली अमेरिकेची पहिली शिरगणती झाली. मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलामांचा आकडा शून्य होता. साऱ्या देशात मात्र त्या वर्षी सुमारे सात लाख गुलाम होते. ते सुटायला १८६५ साल उजाडावे लागले, आणि त्याआधी चार वर्षे भावाभावांची लढाई व्हावी लागली.

निकालानंतर कर्नल अ‍ॅश्लेने बेटला निरोप पाठवला, परत ये, आता पगार देतो. ती गेली नाही. ती सेजविकच्या घरी पगारावर कामाला राहिली. तिने नवे नाव घेतले, एलिझाबेथ फ्रीमन. फ्रीमन म्हणजे स्वतंत्र माणूस. पण सेजविकची मुले तिला लाडाने मम्बेट म्हणत.

१७८५ साली सेजविकचे बिऱ्हाड शेफील्डहून स्टॉकब्रिजला गेले. मम्बेटही गेली. सेजविक आता राजकारणात पडला होता. महिनेन्‌ महिने तो बाहेरगावी असे. त्याची बायको पॅमेला नाजूक मनाची. नवऱ्याच्या गैरहजेरीत तिला मनाचा आजार जडला आणि तो वाढतच गेला. दहा मुले झाली, त्यांतली सात जगली. त्यांना न्हाऊमाखू घातले, वाढवले ते मम्बेटने. देशाच्या राजधानीत सेजविक भाषणे करू शकला, कारण मागे घर कुणीतरी सांभाळत होते. पुढाऱ्यांच्या चरित्रांत ही ओळ सहसा नसते.

१७८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांनी बंड केले. लढाईनंतर पैसा दुर्मिळ झाला. सरकार कर रोख मागे, सावकार कर्ज रोख मागे. जमिनी जप्त होऊ लागल्या, माणसे कर्जापायी तुरुंगात पडू लागली. लढाईत लढून आलेला डॅनिएल शेज हा त्यांचा एक म्होरक्या होता. हे लोक जमावाने जाऊन कोर्टे बंद पाडत. म्हणजे जप्तीचे हुकूमच निघू नयेत! कर्जबाजारी शेतकऱ्याचे दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सेजविकला मात्र ते कळले नाही. तो कायद्याच्या, मालमत्तेच्या आणि सावकारांच्या बाजूने ठाम उभा राहिला. ज्याने एका गुलाम बाईचे ऐकून घेतले, त्याला शेजारच्या कुणब्यांचे ऐकू आले नाही. माणूस असा एकाच बाजूने उदार असतो.

बंडवाले स्टॉकब्रिजमध्ये शिरले. सेजविक बाहेरगावी होता. ते त्याच्या घरात घुसून झडती घेऊ लागले. मम्बेटने घरातली चांदीची भांडी आधीच आपल्या पेटीत घालून ठेवली होती. तिने त्यांना घरभर हिंडू दिले. शेवटी ते तिच्या पेटीशी आले. तेव्हा ती हसून म्हणाली, काळी काळी म्हणून मला हिणवता आणि माझीच पेटी उचकटायला निघालात होय? बंडवाले वरमले. पेटी न उघडता ते निघून गेले.

सेजविकच्या पुढच्या कारकिर्दीची हकीकत थोडक्यात सांगतो. ती लांबवण्यात अर्थ नाही. अमेरिकेची आजची राज्यघटना १७८७ साली तयार झाली. मॅसॅच्युसेट्सने ती मान्य करावी म्हणून त्याने खटपट केली. १७८९ साली पहिली काँग्रेस भरली. काँग्रेस म्हणजे तिथली संसद. तिच्या खालच्या सभागृहात तो निवडून गेला. १७९६ साली तो वरच्या सभागृहात, म्हणजे सीनेटमध्ये गेला. १७९९ ते १८०१ तो खालच्या सभागृहाचा अध्यक्ष होता. आपल्या लोकसभेला अध्यक्ष असतो, तशीच ती जागा.

तो फेडरल पक्षाचा. त्याचा पक्ष म्हणे, की राज्य करायचे ते शिकल्यासवरलेल्या, पैसेवाल्या, जबाबदार माणसांनी. सामान्य माणसाच्या हाती फार सत्ता देऊ नये. सेजविक हे उघडपणे बोलून दाखवी. स्वभावही जरा ताठच होता. १८०१ साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर या दोघांना सारखी मते पडली. मग निवड खालच्या सभागृहाने करायची, असा नियम होता. छत्तीस वेळा मते घ्यावी लागली! अध्यक्षाच्या खुर्चीवर सेजविक बसलेला. जेफरसन येऊ नये, असे त्याला मनातून वाटे. पण अखेर जेफरसनच आला. सेजविक राजकारणातून बाहेर पडला आणि १८०२ साली मॅसॅच्युसेट्सच्या वरच्या कोर्टाचा न्यायाधीश झाला. अकरा वर्षे त्याने ते काम केले. जानेवारी १८१३ मध्ये तो बॉस्टनला वारला.

मम्बेट त्याच्या मागे सोळा वर्षे जगली. तिने कमाईतून पै पै साठवून स्टॉकब्रिजमध्ये स्वतःची जमीन घेतली, घर केले. सुईण म्हणून आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणारी म्हणून पंचक्रोशीत तिचे नाव होते. १८११ साली सेजविकच्या सुनेने तिचे एक छोटे चित्र हस्तिदंतावर रंगवले. अंगात निळा झगा, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. नजर सरळ बघणाराच्या डोळ्यांत. हे चित्र बॉस्टनच्या इतिहास संस्थेत आहे. ते सोन्याचे मणीही तिथे आहेत. सेजविकची मुलगी कॅथरिन पुढे नामांकित कादंबरीकार झाली. तिला मम्बेटनेच वाढवले होते. तिने १८५३ साली एक लेख छापला. फावड्याची गोष्ट, कोर्टाची गोष्ट, पेटीची गोष्ट आज आपल्याला माहीत आहे, ती बरीचशी या लेखामुळे. शेफील्ड गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये बेटचा ब्राँझचा पुतळा उभारला.

डिसेंबर १८२९ मध्ये, पंचाऐंशीच्या आसपास वय असताना, ती वारली. स्टॉकब्रिजच्या दफनभूमीत सेजविक घराण्याची निराळी जागा आहे. मधोमध थिओडोर आणि पॅमेला. त्यांच्याभोवती गोल रिंगण करून मुले, सुना, नातवंडे पुरली आहेत, सगळ्यांचे पाय मध्याकडे. गावातले लोक थट्टेने म्हणतात, कयामतीच्या दिवशी सेजविक उठून बसतील तेव्हा त्यांना दुसऱ्या कुणाचे तोंड बघायला लागू नये, म्हणून ही व्यवस्था! त्या रिंगणात, अगदी आतल्या बाजूला, मम्बेटची कबर आहे. तिच्या दगडावरचा मजकूर सेजविकच्या मुलाने लिहिला. ती गुलाम म्हणून जन्मली, असे त्यावर कोरले आहे. तिला लिहिता येत नव्हते आणि वाचता येत नव्हते, तरी आपल्या कामात तिच्या तोडीचे कुणी नव्हते, हेही कोरले आहे.